ब्लोअरची दसऱ्याची तपासणी

७ जुलै, सोमवार
आज शेठना नवं शेड्युल दिलं. मुरबाडच्या आमच्या मसाला फॅक्टरीत मेंटेनन्स माझ्याकडे. मिरची सुकवायचा ब्लोअर आजवर दर महिन्याला उघडून तपासायचा, अर्धा दिवस प्रॉडक्शन बंद. कशाला? नीट चाललंय त्याला हात लावायचा नाय, हा माझा नियम. आता तीन महिन्यांनी. शेठ खूश.
रविनाला सांगायला हवं होतं. बायको सध्या किन्हवलीला, माहेरी. भांडण वगैरे काही नाही. "तुमी घरात असून घरात नसता," म्हणाली आणि बॅग भरली, एवढंच.

२० जुलै, रविवार
किन्हवलीला जाणार होतो. रद्द. तक्रार असती तर तिनेच फोन केला असता. फोन नाही म्हणजे सगळं ओके. भेटसुद्धा तीन महिन्यांनी पुरे, एसटीचं भाडं वाचेल.
भात करपला. टीव्ही चालू ठेवलाय, बघत नाही. आवाज असतो जरा.

१८ ऑगस्ट
ऑपरेटर मंगळू म्हणतो, ब्लोअर घुरघुरतोय. म्हटलं, तुझी बायको घुरघुरत नाय का रे? म्हणाला, घुरघुरते ना, पण घरात असते.
आगाऊ माणूस. जेवण गेलं नाही.

५ सप्टेंबर
भन्नाट आयडिया! दसऱ्याला मशीनची पूजा असतेच. सगळं बंद करून पुसतोच. त्यातच तपासणी उरकायची. शटडाऊन फुकट. तिथून थेट किन्हवली.
रविनाला कळवलं. म्हणाली, संध्याकाळच्या आत या, मी बॅग भरून बसते. नाय आलात तर पुन्हा बोलवू नका. बायका बोलतात असं. तरी तिची उशी धुऊन ठेवली.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी
ब्लोअर उघडला, पुसला. ठणठणीत. हवा ओढणाऱ्या तोंडावरची जाळी धुऊन उन्हात ठेवली. हळदकुंकू, नारळ. सगळ्यात मोठा झेंडूचा हार ब्लोअरच्या तोंडावर मीच बांधला. शेठ म्हणतायत, मुहूर्तावर चालू कर. करतो आणि निघतो. आपट्याची पानं खिशात आहेत.

दुपारी
जाळी उन्हातच राहिली. अख्खा हार आत. दोरा शाफ्टला गुंडाळला, पाती वाकली, बेअरिंग गेलं. फॅक्टरीभर झेंडू आणि मिरचीची पूड. शेठ शिंकत शिंकत मला झापत होते. माझ्या शेड्युलचा उद्धार झाला. दुरुस्त केल्याशिवाय गेटबाहेर पडायचं नाय म्हणाले.

संध्याकाळी
शेवटची एसटी गेली. शाफ्टवरून दोरा सोडवतोय. रविना समजून घेईल.

३ ऑक्टोबर
फोन केला. म्हटलं, आज येतो. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "माझं इथं नीट चाललंय. नीट चाललंय त्याला हात लावायचा नाय, तुमीच म्हणता ना?" फोन ठेवला.
तक्रार काहीच नाही तिची.
फार एकटं वाटतंय. खिशात पानं तशीच होती, वाळून सुरळी झालेली. कुणाला तरी द्यावीत म्हणून मंगळूसमोर हात केला. म्हटलं, सोनं घे रे.
म्हणाला, सायेब, दसरा काल झाला.