वहीत लिहिलेलं गाव

सेक्टर २, भिलाई
२२ फेब्रुवारी १९६१

चि. मारोतराव, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

सोमवारी सकाळी अंगणात ज्वारी निवडत होते, तेव्हा शिरगणतीवाला वही घेऊन आला. "बाई, पैदाइश कहाँ की? घर में कौन बोली?"

"काहे को पूछते हो?" मी विचारलं. तो नुसता हसला. ते हसणं मला खटकलं.

सिलोनात चहाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आपल्या लोकांना परकं ठरवलं, हे मी पेपरात वाचलं आहे. त्यात आपली आर्वी आता महाराष्ट्रात आणि आम्ही मध्य प्रदेशात. दयारामची प्लांटातली नोकरी गेली तर? मी जन्मगाव इथलंच, दुर्ग सांगितलं आणि बोली हिंदी.

प्लांट उभारायला आलेल्या शेजारच्या रशियन इंजिनियरच्या बायकोने मात्र आपलं गाव खणखणीत सांगितलं. तिला परत जायचंच आहे, तिला कसली भीती?

संध्याकाळी दयाराम म्हणाला, "आई, कावून खोटं सांगितलं? मंग बाबा कोन्या भाषेत बोलत होते?"

हे जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्या जुन्या मराठी पेपरांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले. त्या रात्री जेवण गेलं नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही वाचून दाखवू नकोस. आम्ही खुशाल आहोत.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्या शिरगणतीवाल्याला बाजारात गाठलं आणि वहीत आर्वी, मराठी असं लिहून घेतलं.

तुझी ठकूताई