वाकडं बाक

बाबा, तुमचं बाक वाकडं नव्हतं. एवढं एक वाक्य सुचायला मला अकरा वर्षं लागली, आणि आता ऐकायला तुम्ही नाही. हे पत्र मी तीनदा सुरू केलं. एकदा शेवटाकडून मागे येत लिहिलं. एकदा सगळं तुमच्या तोंडी घालून बघितलं, तर तुम्ही माझ्यासारखेच बोलायला लागलात, तुम्हाला ते अजिबात शोभत नव्हतं, म्हणून फाडलं. आता जसं येतंय तसं लिहिते.

अकरा वर्षांपूर्वीचा शुक्रवार आहे. कुवेतच्या सबाह अल-सालेममधलं आपलं तिसऱ्या मजल्यावरचं किचन. मी आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष संपवून पुण्याहून सुट्टीला आलेय आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवतेय, पडद्यांना, ट्यूबलाइटला, तुमच्या बनियनला. आई ओट्यापाशी झुबैदीला हळद, मीठ, आगळ चोळतेय. पापलेटला ती इतक्या वर्षांत झुबैदीच म्हणायला लागली होती. तुम्ही जेवायच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरलाय आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्यात: मिठाची बरणी, आईचा मोबाइल, एक लिंबू आणि माझी पेनांची पेटी. ती पेटी तुम्हीच मला कॉलेजला जाताना दिली होती. ऑफिसात कॉम्प्युटर आल्यावर पडून राहिलेली ड्रॉइंगची पेनं. प्रत्येक निब तुम्ही कोमट पाण्यात भिजवून, धुऊन, फडक्यावर वाळवून दिलं होतं. वर्गात कुणीच ती पेनं वापरत नव्हतं, म्हणून मीही वापरत नव्हते. फक्त लाल रंगाचं एक तेवढं खोडाखोडीला बरं पडायचं.

कागदावर आपल्या बिल्डिंगसमोरचा मोकळा प्लॉट आहे. एका बाजूला रस्ता आणि बसस्टॉप, पश्चिमेच्या कोपऱ्यावर ती ट्रान्सफॉर्मरची खोली, मध्ये नुसती वाळू. शुक्रवारी घरकामातून सुटी मिळालेल्या बायका तिथे जमायच्या. केनियाच्या, इथिओपियाच्या, घानाच्या. कुणी कुणाचे केस विणतंय, कुणी घरी फोन लावून रडतंय, कुणी हसून हसून वाळूत लोळतंय. बसायला काही नाही. कार्डबोर्ड आणायच्या आणि जाताना घडी करून आपल्या हारिसकडे ठेवायला द्यायच्या. आपला हारिस, म्हणजे बिल्डिंगची राखण करणारे सुदानी चाचा, तुमचे एकुलते एक मित्र. तुम्हाला मुहंदिस म्हणायचे, आणि तुम्ही दर वेळी, अगदी दर वेळी सांगायचात, "मुहंदिस नाय, चाचा. रस्साम. इंजिनियर वेगळा, मी नुसता रेघा मारतो." ते म्हणायचे, "तैयब, मुहंदिस." बरं, इंजिनियर.

त्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं काय करत होतात ते मी खिडकीतून बघायचे आणि मला लाज वाटायची. बायका सहाला निघून गेल्या की तुम्ही दोघं खाली जायचात, आणि जिथे जिथे वाळू दबलेली दिसेल तिथे एक एक खडा ठेवायचात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मधल्या दिवसांत वाऱ्याने वाळू सारखी व्हायची, खडे तेवढे राहायचे. मी विचारलं तर म्हणालात, "गावात पाखाडी कशी झाली गो? गावकी बसली, पण आखली नाय कोणी. आधी बायामाणसं पाण्याला गेली-आली, ढोरं गेली. वाट पडली, मग तिच्यावर दगड लावले." मी म्हटलं, "बाबा, हे कुवेत आहे." तुम्ही म्हणालात, "मग? इथे लोक पायांनी नाय चालत?"

त्या खड्यांवरून तुम्ही कागदावर एक लांब बाक काढलं होतं, आणि त्याच्या शेजारी चाचांनी तुम्हाला दोन मोठी मडकी काढायला लावली होती. त्यांच्या गावात, खार्टूमच्या अलीकडे, प्रत्येक गल्लीत कडुलिंबाच्या झाडाखाली पाण्याचे झीर ठेवलेले असतात, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. सरकार ठेवत नाही, गल्लीतल्या बायका पाळीपाळीने भरतात. "म्हणजे पाणपोईच की," तुम्ही म्हणालात, आणि मग झीरमधलं पाणी जास्त गार की रांजणातलं यावरून तुमचं आणि चाचांचं असं भांडण झालं की आई जिन्यात येऊन म्हणाली, "फ्रिज आहे घरात, दोघांनी येऊन प्या." चाचांचं म्हणणं एवढंच होतं की शहर सावलीपासून सुरू होतं. आधी सावली शोधायची, मग पाणी, मग बसायला जागा. घरं काय, नंतर येतात. तुम्हाला हे इतकं पटलं होतं की ऑफिसात मॉलच्या पार्किंगच्या रेघा मारता मारता तुम्ही हे घरी काढत बसलात.

तर मी कागदावर वाकले. बाक रस्त्याला समांतर नव्हतं, भिंतीलाही नव्हतं. प्लॉटमधून तिरकं, मध्येच किंचित वळलेलं. "हे वाकडं काय?" "वाकडं कुठे? बसतात तसं हाय." "बाबा, रस्त्याला पॅरलल पाहिजे." "रस्ता थोडाच बसणार आहे त्याच्यावर?" आई हसली. आई हसली म्हणून मला राग आला. मी पेटीतून लाल पेन काढलं. बाकावर फुली मारली, रस्त्याला समांतर सरळ रेघ ओढली, वर छप्पर काढलं, बारा वाजताच्या सूर्याचा अँगल लिहिला. मडक्यांवर लिहिलं, 'अनहायजिनिक'. वर मोठ्याने म्हणाले, "शहरं अशी कट्ट्यावर चार जणांना विचारून होत नसतात, बाबा. शिकावं लागतं. पंचवीस वर्षं ड्राफ्ट्समन आहात, निदान पट्टी तरी लावा." आई चोळता चोळता थांबली. तुम्ही मात्र उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "हितं पण लिही." तिथे तुम्ही ऑफिससारखा चौकोन केला होता. कल्पना: हारिस आणि मंडळी. ड्रॉन बाय: तुमची बारीक सही. चेक्ड बाय: रिकामं. मी तिथे लालने 'रिजेक्टेड' लिहिलं आणि खाली झोकात सही केली. नवीन सही होती माझी, कॉलेजात जाऊन बसवलेली. तुम्ही कागद उचलून उजेडात धरलात, बघितलात, गुंडाळलात. "बरं," म्हणालात. मग आपण जेवलो. झुबैदी छान झाली होती, हे मला का आठवतंय माहीत नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर अर्दियाच्या ऑफिसात, खुर्चीत बसल्याबसल्या तुम्ही गेलात. मी पुण्यात सबमिशनच्या मागे होते. आई गावी गेली. मी पुढे नोकरीसाठी परत आले, कुवेत सिटीतल्या एका ऑफिसात काचेच्या इमारतींचे दर्शनी भाग काढते, आणि हट्टाने याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. चाचा अजून इथेच आहेत. गुडघे गेलेत. प्लॉटही तसाच आहे, बायका बदलल्या, कार्डबोर्ड तेच. माझ्या खालच्या मजल्यावर एक केनियन बाई राहते, नर्सरीत शिकवते, शुक्रवारच्या मंडळींची ती पुढारी आहे म्हटलं तरी चालेल. दोन महिन्यांपूर्वी तिने माझं दार वाजवलं. आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेबाहेर जिथे जिथे त्यांची माणसं पसरलीत तिथल्या शहरांसाठी कुठलीशी संस्था कल्पना मागवत होती. अट एकच: कल्पना तिथे राहणाऱ्यांची पाहिजे, कुण्या तज्ज्ञाची नको, आणि ती लोकांमधून कशी आली ते दाखवायचं. निवडलेल्या कल्पना बांधायला मदत मिळणार होती. कल्पना समोरच्या प्लॉटवर जमली तशी दाखवायची, पण ती मदत चाचांना त्यांच्या गल्लीसाठी हवी होती. त्यांची गल्ली लढाईत ओस पडलीय. पुतण्याने फोटो पाठवला होता, कडुलिंब उभा आहे, झीर फुटलेत. "लोग वापस आएगा," चाचा म्हणाले, "तो पहले किधर बैठेगा?"

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तेरे बाबा का कागज किधर है?" आणि मी, बाबा, ताबडतोब म्हणाले, हरवला. घर बदलताना हरवला. कागद माझ्या कपाटात होता. आईने गावी जाताना नळीत घालून दिलेला. मी अकरा वर्षांत तो एकदा उघडला होता, आणि लाल रंग अजिबात फिका झाला नव्हता.

हरवला म्हटल्यावर नवीन काढणं आलं. मी छान काढलं. रस्त्याला समांतर बाक, वर छप्पर. जूनमधल्या शुक्रवारी चार वाजता आम्ही जागेवर गेलो. चारच्या आधी कुणी येतच नाही, ऊन उभं राहू देत नाही. मी पुठ्ठ्याचं छप्पर चार काठ्यांवर धरायला लावलं आणि बाकाच्या जागी बायकांना बसवलं. सावली बाकावर नव्हतीच. कलता सूर्य छपराखालून सरळ त्यांच्या तोंडावर, आणि सावली जाऊन पडली मागे, रस्त्यावर. केनियन शेजारीण डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "फार सुंदर. गाड्या अगदी गारेगार बसतील." सगळ्या हसल्या. मग एकेक जण उठून आपल्या नेहमीच्या जागी गेली, ट्रान्सफॉर्मरच्या खोलीची सावली जिथे तिरकी पसरली होती तिथे, आणि तिथून पुढे थोडी वळून, कारण तिथे कंपाउंडच्या बोरीची सावली येऊन मिळते. चाचांनी खिशातून खडे काढले आणि जी जिथे बसली तिथे एक एक ठेवला. त्यांनी ते घरून आणले होते, बाबा. त्यांना माहीत होतं.

घरी येऊन मी त्या खड्यांचा तुमच्याच मापाला नकाशा काढला, आणि तुमचा कागद कपाटातून काढून त्यावर ठेवला. ट्रेसिंग पेपरचा तेवढा एक गुण असतो, खालचं दिसतं. तुमचं बाक आणि आजचे खडे एकावर एक बसले. जमिनीवर मोजलं तर कुठे वीतभर इकडे, वीतभर तिकडे. अकरा वर्षांत सगळ्या बायका बदलल्या होत्या आणि त्या तिथेच बसत होत्या. फुलीखाली ते बाक अगदी शांत पडलं होतं.

मी खाली जाऊन सांगितलं, कागद सापडला. केनियन शेजारणीने फॉर्म उघडला. कल्पना कुणाची या रकान्यात चाचांचं नाव घातलं, मंडळींची घातली, आणि चाचा म्हणाले, "मुहंदिस का भी लिखो." ती अडखळली. म्हणाली, "पण हे तर आफ्रिकन नव्हते ना? कुठले होते?" मी म्हटलं, रत्नागिरीचे. चाचा म्हणाले, "रत्नागिरी, वो अपना पोर्ट सुदान के बाजू में है. लिखो." तिने लिहिलं. कागद स्कॅन करून चढवायचं काम माझ्याकडे आलं, शेवटचा दिवस होता. मी स्कॅन केला. स्क्रीनवर तुमच्या नाजूक काळ्या रेघा आणि त्यावर माझं ते लाल रान. कॉम्प्युटरवर एक रंग उडवायला फार काही करावं लागत नाही. फुली गेली, सरळ रेघ गेली, 'अनहायजिनिक' गेलं. मी स्वतःला सांगितलं, बाबांचं काम स्वच्छ दिसायला हवं. फाइल पाठवली. फॉर्म बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी मूळ कागद चाचांना दाखवायला नेला. वाटलं, त्यांना लाल बघून वाईट वाटेल, मी माफी मागीन, काहीतरी संपेल. त्यांनी चष्मा लावला, बोट सरळ खालच्या उजव्या कोपऱ्यावर नेलं आणि हसायला लागले. म्हणाले, हे तर त्याने मला तेव्हाच दाखवलं होतं. मलाच काय, बकालेवाल्याला, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याला, बसस्टॉपवरच्या बायकांना, सगळ्यांना. पंचवीस साल, म्हणाले, या चौकोनात दुसऱ्यांची सही. एकदाही याला कुणी चेक करायला दिलं नाही. म्हणून या कागदावर त्याने ती जागा तुझ्यासाठी मोकळी ठेवली. "बोलता था, शूफ चाचा, देखो, माय डॉटर चेक. रिजेक्ट किया!" आणि त्यांनी तुमच्यासारखा कागद उजेडात धरून दाखवला.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तुम्ही खूश होतात म्हणून मी बोललेलं बदलत नाही, आणि 'बरं' म्हणताना तुमचा चेहरा मी बघितलाच नव्हता, मी लिंबू फिरवत बसले होते. पण खरं सांगायचं ते वेगळंच. लाल उडवलं तेव्हा त्या चौकोनातलीही माझी सही गेली. जे कागद बघतील त्यांना तुमची सही दिसेल, आणि खाली चेक्ड बाय, रिकामं. चाचांना वाटतंय, कागद आहे तसाच गेला. परवा जिन्यात चहा देताना पण म्हणाले, "तेरा साइन भी गया, अच्छा हुआ." मी कप धरून उभी होते. मी म्हटलं, हो.