साहेबांची ओहोटीची पेनी

श्री. साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (वाकलो आहे तो तसाच राहिलो आहे, कारण रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून दुकानातल्या काउंटरमागे खाली बसून हे लिहितोय. गिऱ्हाइकं चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमा बघून परत जात आहेत.) आपली पाठदुखी कशी आहे? ताईंचे गुडघे काय म्हणतात? मुलांना आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सासूबाई खुशाल आहेत. तुमची मेहुणीही खुशाल आहे, तिला अजून काही माहीत नाही. सासरे, म्हणजे आपले साहेब, यांच्या खुशालीबद्दल पुढे सविस्तर येईलच. माझं म्हणाल तर जिन्यावर त्यांच्या काठीचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि मी त्यांच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहत असल्यामुळे हा गोळा दिवसभर ये-जा करत असतो.

त्यांची ती पेनी तुम्हाला आठवतच असेल. आठवणार नाही कशी? तुम्हाला बघायला बोलावलं तेव्हाही त्यांनी तुमचं शिक्षण नंतर विचारलं आणि आधी पेनी दाखवली, माझ्याही बाबतीत तेच. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असा डोकं उठवणारा हिशेब ब्रिटिशांकडे होता, त्या काळातलं ते तांबूस नाणं. साल एकोणीसशे दोन. मागच्या बाजूला हातात त्रिशूळ घेऊन बसलेली बाई, आणि तिच्या पाठीमागे समुद्र. त्या साली टाकसाळीत दोन तऱ्हेचे ठसे वापरले गेले. एकात समुद्राची रेघ वर आहे, एकात जरा खाली. खालची ती ओहोटीची, दुर्मीळ. वरची ती भरतीची, पैशाला पासरी. फरक नखाच्या कडेएवढाही नाही, पण आमच्यासारख्या छंदिष्टांची झोप त्या नखाच्या कडेवर अडलेली असते. साहेबांची पेनी ओहोटीची, हे साऱ्या गावाला तोंडपाठ आहे. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा शिकवण्या घेतल्या, त्या कमाईतून त्यांच्यासाठी आणलेली ती भेट. पाहुणे आले की साहेब पेनी काढतात, ओहोटीचा किस्सा सांगतात, आणि सासूबाई दाराशी उभ्या राहून प्रत्येक वेळी नव्यानं लाजतात.

आता खरं काय झालं ते सांगतो. मन घट्ट करा. येत्या रविवारी आमच्या नाणी मंडळाचं प्रदर्शन आहे, आणि या वर्षी बाहेरून एक तज्ज्ञ येऊन प्रत्येक नाणं भिंगाखाली तपासणार आहेत. साहेबांची पेनी ज्या जुन्या प्लास्टिकच्या पाकिटात होती त्याला हिरवट चिकटपणा आला होता. (असल्या पाकिटांनी चांगली चांगली नाणी खाल्ली आहेत, तुमचीही एकदा उघडून बघा.) म्हणून ती नव्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायला साहेबांनी माझ्याकडे दिली. इतक्या वर्षांत पेनी पहिल्यांदाच त्यांच्या देखरेखीबाहेर माझ्या हातात आली. मी भिंग लावलं. भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं. दुसरं भिंग आणलं. साडूभाऊ, भरती होती. काठोकाठ भरती.

डोळ्यांपुढे रविवार उभा राहिला. तज्ज्ञ मान हलवतोय, मंडळातले लोक एकमेकांना कोपरानं ढोसताहेत, सासूबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि साहेब माझ्याकडे बघताहेत. निवृत्त झाला तरी फौजदार तो फौजदारच, त्यांची नजर मला नुसतं मीठ मागतानाही सोसत नाही. तेव्हा मी जे केलं ते भीतीनं केलं, पण त्यात थोडं मोठं मनही होतं हे कृपा करून लक्षात घ्या. माझ्याकडे स्वतःची ओहोटीची पेनी आहे. खरी. तिच्यासाठी मी किती दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या ते तुमच्या मेहुणीला विचारा, ती अजून टोमणे मारते. ती मी काळजावर दगड ठेवून साहेबांच्या चौकटीत बसवली आणि त्यांची माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवली. त्यांच्या पेनीवर त्या बाईच्या ढालीजवळ एक तिरका ओरखडा होता. तसाच माझ्या पेनीवर काढावा म्हणून सुईसुद्धा उचलली, पण हात चालेना. खऱ्या ओहोटीवर ओरखडा काढायचा म्हणजे पोटच्या पोराला चिमटा काढण्यासारखं. म्हटलं, साहेबांना मोतीबिंदू आहे, चालून जाईल.

चाललं नाही. चौकट रात्रभर त्यांच्या कपाटात कुलूपबंद होती, सकाळी त्यांनी ती हातात घेतली, भिंग नाही, चष्मा नाही, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही माझी नाही."

त्यानंतर आमच्या घराची चौकी झाली आहे. साहेबांचं म्हणणं, खरी पेनी चोरून कुणीतरी तिच्या जागी बनावट ठेवली. (बनावट! माझी पेनी!) तिला त्यांनी पाकिटात घालून वर लाखेचा शिक्का मारला आहे आणि तिचा उल्लेख 'मुद्देमाल' असा करतात. सगळ्यांचे जबाब झाले. दूधवाल्याचाही झाला, तो आता फाटकाबाहेरच पिशवी टांगून पळतो. तपासात मदतनीस म्हणून त्यांनी कुणाला नेमलं असेल? मला. मी चष्मेवाला, माझ्याकडे भिंगं, म्हणून मी रोज त्यांच्या कपाटाच्या कुलपावर चोराच्या खुणा शोधतो आणि सापडल्या नाहीत की घाम पुसतो. काल त्यांनी चोराचं वर्णन तयार केलं: नाण्यांतला जाणकार, हात हलका, घंटी न वाजवता घरात येणारा, आणि स्वभावानं भित्रा. भित्रा कशावरून, असं मी चाचरत विचारलं. म्हणाले, धीट असता तर बदली नाणं ठेवत बसला नसता. मी त्यांच्या शोधबुद्धीचं कौतुक केलं आणि पाणी प्यायला खाली आलो. डबी तेव्हा माझ्या खिशातच होती, पायरीगणिक वाजत होती.

तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन कबूल का केलं नाही. करणार होतो. आज सकाळी जिन्यात गाठ पडली तेव्हा तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी तेच कठड्याला टेकून बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नाही. वर सासूबाई खोली झाडत होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, ती साधी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. दुकानदारानं हिला फसवलं. पण हिनं ती इतक्या हौसेनं माझ्या हातावर ठेवली होती की मी ओहोटी आहे असं म्हणून गेलो, आणि मग म्हणतच राहिलो. रविवारी आजाराचं सोंग करणार होतो. आता चोर सापडला की मी त्याला फक्त एकच गोष्ट विचारणार, हिला काही सांगितलंस का."

साडूभाऊ, एवढं बोलून ते रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवत बसले. इतकी वर्षं मी ज्या माणसाला घाबरत आलो तो घरातल्या एका बाईला माझ्याहून जास्त घाबरतो, हे बघून मला धीर यायला हवा होता. उलट दुप्पट भीती वाटली. कारण आता मी पेनी का बदलली हे सांगायचं तर ती साधी आहे हे सांगावं लागणार, आणि साहेबांचा तपास म्हणजे सगळ्यांना समोर बसवून, सासूबाईंसकट. मी तोंड मिटलं. त्यांना हाताला धरून उठवलं, तेव्हा खिशातली डबी वाजली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकलो.

पत्र फार लांबलं. ताईंना नमस्कार सांगा, आणि पत्र वाचून झालं की जाळा.

आपला
(सही करत नाही. हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर?)

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुम्ही शनिवारी या. सोबतच्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये साहेबांची पेनी आहे. आल्या आल्या बूट काढायला वाका आणि ती दारातल्या चपलांच्या कपाटाखाली सापडल्याचं जाहीर करा. थोरल्या जावयावर त्यांचा विश्वास आहे, तुमचा जबाब ते घेणार नाहीत. मग तो मुद्देमाल मुलांना खेळायला म्हणून मागून घ्या आणि शिक्का न फोडता मला आणून द्या. रविवारच्या आजारपणाचं मी बघतो, आमच्या शेजारी डॉक्टर आहेत.

ता. क. दुसरा. पुठ्ठे चिकटवण्याआधी शेवटचं म्हणून पेनी भिंगाखाली धरली. आजवर भीतीच्या भरात मी फक्त समुद्र बघितला होता, बाकी काही बघितलंच नव्हतं. नाण्याच्या कडेला बारीक दात्यांची नक्षी असते, सालातल्या दोनाचं शेपूट त्यातल्या दोन दात्यांमधल्या फटीकडे असायला हवं. ते नेमकं दात्यावर रोखलेलं आहे. पुस्तक काढलं, सगळ्या याद्या चाळल्या. असा ठसा कुणी नोंदवलेलाच नाही. माझी ओहोटी हिच्यापुढे चिल्लर ठरेल. त्यानंतर पुठ्ठे बराच वेळ उघडे होते, ते का, ते विचारू नका. आता चिकटवले आहेत.

ता. क. तिसरा. तुम्ही मात्र हिला भिंग लावू नका, आणि साहेबांना यातलं अक्षर कळू देऊ नका. ती साधी निघाली हे सांगायची भीती वाटत होती, आता ती साधी नाही हे सांगायची त्याहून जास्त वाटते. मंडळवाले तिला काचेत ठेवतील, तज्ज्ञांची रीघ लागेल, आणि अंगठा फिरवायचा तर त्यांना परवानगी मागावी लागेल. त्यांना ती साधीच हवी आहे, सासूबाईंनी आणली तशी.