सुकाण माझ्या हाती

राजिवडा, रत्नागिरी
१८ जानेवारी २००४

प्रिय अद्नानभाई,

आज मांडवीला शिडाच्या होड्यांची शर्यत झाली आणि आपली होडी दुसरी आली! माझे कपडे अजून ओले आहेत, अम्मी ओरडतेय, पण आधी तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

अब्बांनी मागितलं म्हणून तू मस्कतहून पाठवलंस ना, ते आपोआप सुकाण धरणारं यंत्र? ते अब्बांनी हौसेनं बसवलं होतं. शिडाला केरूकाका, सुकाणाला यंत्र, आणि अब्बा शेजारी बसून हुकूम सोडणार, असा बेत. पण निघायच्या आधी पंच आले, दाभोळचे दत्तात्रेयकाका. म्हणाले, "मन्सूरभाई, हे काढावं लागेल. शीड, दोर, सुकाण, सगळं माणसाच्या ताकदीनंच चालायला हवं. नियम आहे." मला वाटलं, आता अब्बा भांडणार. पण ते डाव्या हातानं एकेक स्क्रू सोडवत बसले आणि केरूकाकांना म्हणाले, "चल, घरी जाऊ."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी धरते सुकाण." पावसाळा संपल्यापासून खाडीत मीच धरतेय, पण ते पहाटे, कोणी बघायला नसताना. इथे अख्खी मांडवी जमलेली! अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मग जेटीवरच्या गर्दीकडे, आणि म्हणाले, "बस."

भाई, काय वारा होता! बोयाला वळसा घालताना तो एकदम फिरला, होडी कलली, पाणी आत आलं. सुकाण हातातून निसटायला लागलं. मी दोन्ही हातांनी आवळून पायानं फळीला रेटा दिला. अब्बा ओरडत होते, "सोडू नको गो, सोडू नको!" नाही सोडलं. एकामागून एक चार होड्या मागे टाकल्या! मिऱ्याची होडी तेवढी हाती लागली नाही. किनाऱ्यावर अब्बा रडले, आणि सगळ्यांना सांगत सुटले, माझी आसिया, माझी आसिया.

आता खरं सांगते. श्रावणात अब्बांना झटका आला. उजव्या हातात आता पकड नाही. यंत्र त्यासाठीच हवं होतं. तुला कळलं तर नोकरी टाकून येशील, म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. ती मी आज मोडतेय, कारण आता तुला नोकरी टाकायची गरज नाही. होडी मी सांभाळते. तू फक्त अब्बांना भेटायला ये. राजीनामा देऊन नको, रजा घेऊन ये.

तुझीच,
आसिया