समुद्र तुम्हाला दाखवणार नाही

बाबा,

मी समुद्र पाहून आले. मालवणला गेले होते, एकटी, चार दिवस. तुमचा भिंतीवरचा फोटो बरोबर न्यायचं ठरवलं होतं, टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवलाही होता. निघताना मात्र बाहेर काढला आणि परत खिळ्याला टांगला. म्हटलं, बसा इथेच, नागपूरच्या उन्हात. ज्या माणसानं मला समुद्र पाहू दिला नाही, त्याला मी कशाला दाखवू? परत आल्यावर फोटोवरची धूळसुद्धा पुसली नाही.

नववीची सहल आठवते का तुम्हाला? मला रोज आठवते. सकाळची वेळ आहे, शाळेच्या गाडीला अजून दोन तास आहेत. मी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, त्यात दोन फ्रॉक, टॉवेल आणि आईनं बांधून दिलेला चिवडा. तुम्ही हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आहात. एका लग्नाचा माल आठ दिवसांत द्यायचा आहे, हे तुम्हाला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, पण मला सकाळी सांगितलंत. "काहून जाऊन राहिली वं? समुद्र काय पाह्याचा? फुटाळा तलाव पाह्यला ना तू? तिकडंबी पाणीच असते." मी रडायला लागले तसे उठलात. "कांड्या कोण भरीन मंग, तुही मास्तरीण?" आई स्वयंपाकघरातून एकदाच म्हणाली, "जाऊ द्या ना पोरीले." तुम्ही माझी पिशवी उचललीत, कपडे खाटेवर उपडे केलेत आणि त्याच पिशवीत सुताच्या लड्या भरून ती चरख्यापाशी आणून ठेवलीत. मारलं असतंत तर मी विसरले असते. ती पिशवी नाही विसरले.

आठ दिवस मी चरख्यावर बसून लड्यांचं सूत गुंडाळत कांड्या भरल्या. तुम्ही टोपलीतून एकेक कांडी घ्यायचात, धोट्यात घालून आडवं सूत विणायचात, आणि माझ्याकडे बघायचासुद्धा नाहीत. मोरपंखी सूत होतं. तुम्ही ते दोन खेपांत रंगवलं होतं, म्हणून दोन पिशव्या वेगळ्या ठेवल्या होत्या. तुम्ही बजावलं होतंत, "हे आधी सरू दे, मंग ते घेजो. मिसळू नोको." दुसऱ्या खेपेचा रंग जरा फिका होता. आपल्या त्या खोलीत, एका पिवळ्या बल्बखाली, दोन्ही सारखेच दिसायचे.

साडी झाली, व्यापाऱ्याकडे गेली, आणि चौथ्या दिवशी परत आली. पदरापासून वीतभर अंतरावर चार बोटं रुंद फिका पट्टा पडला होता. तुम्ही ती अंगणात उन्हात धरून किती वेळ उभे होतात. मला काही विचारलं नाहीत. पिशव्या मिसळणारी पोर तुमच्या घरात असेल, हे तुमच्या मनातही आलं नसावं. तुम्ही एवढंच म्हणालात, "डोये गेले माहे. रंगातला फरक दिसला नाही मले." पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही माग बंद केलात आणि एका गोदामावर चौकीदारी धरलीत. मरेपर्यंत तीच केलीत. साडी आईच्या पेटीत गेली, आई गेल्यावर माझ्याकडे आली.

तीच नेसून मी समुद्रात उतरले, बाबा. ओल्या हातानं शिवू द्यायचा नाहीत ना कोणाला? मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले, पदर सोडला आणि खाऱ्या पाण्यात चांगला घुसळला. रंग जावा म्हणून घुसळला. गेला नाही. "माहा रंग जात नाही" म्हणून मिरवायचात, ते खरं निघालं, याचाही मला रागच आला. बोटीतून किल्ल्यावर गेले. चहूबाजूंनी समुद्र आणि किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी; एका विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यायले. देवबागला खाडी समुद्राला मिळते, तिथं गेले. तिथं काय दिसलं ते मात्र सांगणार नाही. तुम्ही फुटाळा आठवत बसा.

शेवटच्या दिवशी मी मुक्कामाला होते त्या घराच्या मागच्या अंगणात साडी वाळत घातली. ऊन कडक होतं. घराची मालकीण कोकमाची सोलं वाळवता वाळवता थांबली, साडीपाशी आली, काठ चिमटीत धरून बघितला. "बरी विणल्यान हा," म्हणाली. मग त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "ताई, ह्यो पट्टो मुद्दाम घातलेलो आसा काय?"

मी म्हणाले, "हो. मुद्दाम."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं, तेही एका अनोळखी बाईसमोर. तिला वाटलं, नक्षी असेल. छान दिसतो म्हणाली आणि परत सोलांकडे गेली. मी तिथंच पायरीवर बसून राहिले.

त्या आठ दिवसांत एका दुपारी तुम्ही जेवायला उठला होतात, तेव्हा मी दुसऱ्या पिशवीतल्या लड्या काढल्या आणि डझनभर कांड्या भरून टोपलीत मध्येच घातल्या. माझा राग अजून गेलेला नाही, आणि माफीही मागत नाही. सहलीची सकाळ तुम्ही मला परत देऊ शकत नाही. हे पत्र साडीच्या घडीत ठेवून पेटी बंद करणार आहे. साडी धुतलेली नाही, मीठ तसंच आहे तिच्यात. एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि ते तुम्ही असताना सांगायला हवं होतं. तुमचे डोळे चांगले होते, बाबा.