बादली न उचलता

९ मार्च
प्लॅस्टर निघालं. डावं मनगट काडीसारखं झालंय. सुहासने मानेसरहून दिल्लीला घरी आणून सोडलं. त्याच्याकडे पाच आठवडे होते, तेवढ्यात इथल्या कुंड्यांचं स्मशान. डेलिया, पिटुनिया, गुलाब, सगळ्यांच्या काटक्या. वरच्या मिसेस चड्ढांनी घातलं थोडं पाणी, पण त्या तरी किती घालणार.
सु. दारातूनच म्हणाला, "चलो, एक काम कमी झालं."
काम! धाकटा भाऊ नसता तर बाहेर काढला असता.

११ मार्च
फोन. तेच. "ताई, बादली उचलताना पडलीस. आता बासष्ट वय. फ्लॅट भाड्याने दे, आमच्याकडे ये. चौदाव्या मजल्यावर हवा काय मस्त असते." चौदाव्या मजल्यावर माती नसते, त्याचं काय?
म्हटलं, बादली उचलणार नाही. जूनअखेरपर्यंत एकदाही नाही. तरीही बाग जगली, फुलली, तर मानेसरचा विषय बंद.
हसला. "दिल्लीच्या जूनमध्ये? बिल्कुल मंजूर."
तोंडी मंजुरी. पस्तीस वर्षं मंत्रालयात फायली हलवल्या आहेत, तोंडी मंजुरीची किंमत माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं.

१५ मार्च
करोल बागेत चष्मा दुरुस्तीला टाकला. येताना ऑटोतून डिव्हायडर बघत होते. बोगनवेल, धुळीने माखलेली, तरी राणीकलर फुललेली. हिला कोण विचारतं?
तिथून तशीच नर्सरीत. रामपाल नेहमीचा. पिटुनियाच्या लटकत्या टोपल्या दाखवायला लागला. म्हटलं, ते नको, मरणार नाही असं द्या.
"मैडम, मरता तो सब है."
डिव्हायडरचं सांगितलं तर म्हणतो, "वहाँ टैंकर आता है." म्हणजे मॅडम मूर्ख. पण पुढे त्यानेच सांगितलं की कुंडी तापते, जमिनीत लावा, मुळं खाली जाऊ द्या. एक महिना सांभाळा, मग विसरा.

१६ मार्च
चर्चहून आल्यावर यादी केली.
गुलाब: रद्द. आमच्या एका साहेबांसारखा. रोज विचारपूस, वर काटे.
जास्वंद: मन होतंय. पण दर वर्षी ती पांढरी चिकट कीड. रद्द.
कण्हेर: विषारी, आणि मिसेस चड्ढांचं कुत्र्याचं पिल्लू सगळं चावतं. रद्द.
बोगनवेल ३, सदाफुली ६, तगर २, घाणेरी २. पुढे कडेला ऑफिस टाइमचं फूल. दहाला उघडतं, दुपारी मिटतं. आमच्या सेक्शनपेक्षा नियमित.

२३ मार्च
रामपालचा माणूस खड्डे करून, रोपं लावून गेला. समोरच्या पट्टीत, जमिनीत. वर कडुलिंबाची पानगळ जाड पसरली, ओल टिकायला. झाडूवाली नेहमी तीच पानं झाडून जाळायची. तिला म्हटलं, हात लावायचा नाही.
पाणी: स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरच्या वाया जाणाऱ्या पाण्याला लांब पाइप जोडला, खिडकीतून थेट बागेत. रोज जागा बदलायची, बस.

२० एप्रिल, ईस्टर
सगळे जेवायला आले. सु.ने पाइप पाहिला. "ये तो चीटिंग है."
"तुझाच मेसेज वाच. बादली लिहिलंय. पाणी लिहिलेलं नाही."
सु.ची मिनी हसून लोळली. मग, "आत्या, सदाफुली म्हणजे काय?" तिला दाखवली. "अच्छा, सदाबहार! मग तसं बोल ना यार." एकोणीस वर्षांची घोडी. बापाने मराठी शिकवलं नाही आणि मला कुठे राहावं ते शिकवतो.

१४ मे
लू सुटलीय, नुसता भाजणारा वारा. दुपारी सदाफुली माना टाकते, वाटतं संपलं. संध्याकाळी पुन्हा ताठ. मी खिडकीतून बघत बसते. नाही गेले बाहेर. हात शिवशिवतात पण नाही.
बोगनवेल मात्र, जितकं ऊन तितकी माजलीय.

१० जून
एक तगर गेली. नोंद करते, लपवायचं नाही. बाकी बारा जिवंत. घाणेरीवर फुलपाखरं, या धगीत!

१७ जून
पडले.
हातात काही नव्हतं. बाथरूमच्या उंबऱ्याशी चक्कर आली. फरशीवर बसून राहिले, पंधरा-वीस मिनिटं असतील. मोडलं काही नाही. फोन आतल्या खोलीत. ओरडावंसं वाटलं, ओरडले नाही.
कुणाला सांगणार नाही.

१८ जून
कोपर जांभळं. दिवसभर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, या उकाड्यात. मिसेस चड्ढा विचारून गेल्या, "ठीक हो ना?" ठीक.

२२ जून
गेले नाही आज चर्चला. तगर मेली तर लिहिते, सांगते, आणि स्वतः पडले तर... असली जिंकलेली पैज काय चाटायची?
फोन केला. "सुहास, मंगळवारी पडले. लागलं नाही. बादली नव्हती."
त्याने दोनदा विचारलं, नक्की लागलं नाही ना. मग, "ताई, बागेचं कधी नव्हतंच गं. तू पडलीस आणि कुणाला कळलंच नाही, तर?"
"तर पडेन. उठेन."
"आणि नाही उठलीस तर?"
ठेवला फोन. बाहेर जाऊन पाइपची जागा बदलली.

२९ जून
सु. एकटाच आला. गाडीतून रिकामी सूटकेस काढली, पॅसेजमध्ये ठेवली. मग बाहेर जाऊन एकेक झाड मोजलं, मोठ्याने, लहानपणी गोट्या मोजायचा तसं. "बारा. जिंकलीस." डोळे पुसले की घाम, कळलं नाही.
बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवायला माणूस पाठवतो म्हणाला. आणि फोन गळ्यात अडकवायचा. दोन्ही मान्य.
"आणि सूटकेस?"
"राहू दे. मी नेणार नाही परत."
"मीही भरणार नाही."
चहा घेतला दोघांनी.

३० जून
सकाळी रामपालला फोन. मधुमालतीचे दोन वेल हवेत. म्हणाला, "मैडम, छत तक जाने में दो साल लगेंगे." म्हटलं, लगने दो.
सूटकेस पॅसेजमध्येच आहे. जाता-येता पायाला लागते. आज तिच्यावरची धूळ पुसली. उघडली नाही.