गाण्यातली नावाची जागा

बाबा, परवाच्या रविवारी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका मुलीची हळद झाली आणि तिथे तुझं गाणं वाजलं. गाड्या रस्त्यावर काढून मांडव घातला होता. बायका-पुरुष सगळे डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, आणि फोटोवाला "आता सगळ्यांनी हसा" म्हणून ओरडत होता. मी चौथ्या मजल्यावरून ऐकत होते. ‘सोन्याच्या राशीवर’ असं कानावर आलं आणि मला राहवेना. गुडघे दुखत असताना जिना उतरले, गाणी लावणाऱ्यापाशी गेले आणि म्हटलं, "सोन्याच्या नाही, मिठाच्या. मिठाच्या राशीवर, असं आहे ते." त्याने आवाज कमीसुद्धा केला नाही. नवरीची आत्या मात्र हसत पुढे आली, पुण्याची होती. "काकू, हे ओरिजिनल आगरी गाणं आहे, आम्ही मुद्दाम लावलंय. तुम्ही पण नाचा ना!" ओरिजिनल काय ते ती मला सांगणार! मी म्हटलं, "बाई, ओरिजिनल माझ्या घरात घोंगडी पांघरून खोकत बसायचं, तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तिला अर्थातच काही कळलं नाही. तिने माझ्या हातात हळदीची वाटी ठेवली आणि नाचायला निघून गेली. ती वाटी अजून माझ्या ओट्यावर आहे.

म्हणून लिहायला बसले. पाकिटावर पत्ता घालायचा नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहिता येईल. नन्सच्या शाळेत मला वडिलांना ‘अहो’ म्हणायला शिकवलं होतं. सुट्टीत घरी आल्यावर मी एकदा तसं म्हटलं, तर तू मागे वळून पाहिलंस, कोण पाहुणा आलाय म्हणून. तेव्हापासून ते सोडलं. गावात दवाखाना चालवायला येणाऱ्या त्या नन्सनी तुला पटवून मला शाळेत नेलं नसतं तर मीही डोक्यावर मिठाची पाटी घेतली असती, हे मी विसरलेले नाही. पण उपकाराची आठवण असली म्हणजे राग धरायचा नाही, असं मला कुणी शिकवलेलं नाही. नन्सनीसुद्धा नाही.

ते गाणं तू माझ्यासाठी केलंस. मी चोवीस वर्षांची, पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागलेली, आणि माझं लग्न आपटा गावच्या एका मुलाशी ठरलेलं. तू मिठागरावरून यायचास, खाऱ्या पाण्याने तळपाय फुटलेले असायचे, आणि चुलीपाशी पाय शेकत गुणगुणत बसायचास. आई भाकऱ्या थापते आहे, तू एक ओळ म्हणतोस, पुसतोस, पुन्हा म्हणतोस, आणि मी पाटावर वही ठेवून माझ्या त्या कॉन्व्हेंटी अक्षरात लिहून घेते आहे. ‘मिठाच्या राशीवर गो पिवली तिरीप बसली, तशी पाटावर हलदीला अमकी बाय बसली.’ अमकी म्हणजे मी. आपल्याकडे हळदीच्या गाण्यात नावाची जागा असते. ज्या अंगणात म्हणायचं तिथल्या नवरीचं नाव त्या जागी घालायचं; रिकामी ठेवली तर अपशकुन. पण पहिलं नाव जिचं, तिचं ते गाणं, असं आपलं मी समजत होते. तू ओळ जुळल्यावर आईला म्हणालास, "बघ, मीठ येचून येचून हात फाटलं, पन कामाला आला एक दिस." आई म्हणाली, "आदी भाकर खा, मंग मीठ."

लग्नाला महिना-दीड महिना असताना आपट्याहून निरोप आला. मुलगी दिवसभर तारेवरून परक्या पुरुषांशी बोलते, नोकरी सोडणार असेल तर पुढचं बोलू. मी नोकरी सोडली नाही. ते पुढचं बोलले नाहीत. तू मला एका शब्दाने दोष दिला नाहीस हे खरं आहे. गाणं मात्र राहिलं. मांडव न पाहिलेलं गाणं.

पुढे आई गेली, मिठागरांच्या जागी नवं शहर उभं राहू लागलं, आणि मी तुला पनवेलला माझ्या खोलीवर आणलं. तुला तिथे करमत नसे. गावाकडून कुणी हळदीचं बोलावणं घेऊन आलं की तुझा चेहरा उजळायचा. टोपी झटकायचास आणि एसटी पकडायचास. मी ड्यूटीवर असायचे, तू कुठे काय म्हणतोस ते विचारत नसे. मला वाटायचं, तुझ्याकडे गाणी काय कमी आहेत! माझं तेवढं सोडून बाकीची म्हणत असशील.

मग एका सकाळी मी ड्यूटीला निघालेली, एसटी स्टँडच्या समोर कॅसेट विकणाऱ्याच्या टपरीवर ते वाजत होतं. आधी चाल ओळखली. पाय थांबले. मिठाच्या राशीची सोन्याची रास झाली होती, खाली कॅसिओ आणि ढोल, आणि माझ्या नावाच्या जागी भलतंच नाव. मी ती कॅसेट विकत घेतली. कव्हरवर काळा चष्मा लावून उरणकडचा एक तरुण गायक होडीला टेकून उभा होता. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: गीत, पारंपरिक. म्हणजे तू मेलास, तुझा बापही मेला, आणि हे गाणं डोंगराबरोबर जन्माला आलं!

कॅसेट तुझ्यापुढे आपटली तेव्हा तू ती उलटीसुलटी करून पाहिलीस आणि म्हणालास, "पोरगा बरा दिसतोय." मग हळूहळू बाहेर आलं. त्याच्या बहिणीच्या हळदीला तू गेला होतास. तिथे ते गाणं म्हटलंस, रिवाजाप्रमाणे तिचं नाव घालून. आखातातून आलेल्या कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. झालं. त्या घराला वाटलं, म्हाताऱ्याने आमच्या मुलीसाठी गाणं बांधलं.

"माझं गाणं तू दुसरीला दिलंस?" मी विचारलं.

"दिला नाय गो. म्हटला. गाना काय आपली विहीर हाय, कठडा बांधाया? ज्याच्या दारान म्हटला त्याच्या दारचा."

"आणि सोनं? सोनं कुणी घातलं?"

"ता मी नाय घातला," तू म्हणालास, आणि पहिल्यांदा तुझा चेहरा पडला.

मी कॅसेट कंपनीला इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं. तू नको म्हणत होतास तरी टाकलं. त्यांचं उत्तर तीन ओळींचं आलं: पुरावा असल्यास पाठवावा. पुरावा होता. माझी वही होती. पण ते पान पाठवण्यासारखं नव्हतं. का, ते सांगते, थांब. एवढी घाई तुला आयुष्यात कधी नव्हती.

पुढल्याच हिवाळ्यात पनवेलला तळ्याजवळच्या मैदानात एका मंडळाचा कार्यक्रम ठरला आणि त्या गायकाला बोलावलं. मी मंडळाच्या सेक्रेटरीच्या दुकानात चार वेळा गेले. "ज्याने गाणं रचलं तो माणूस माझ्या खोलीवर आहे. त्याला स्टेजवर घ्या." तो म्हणायचा, "मॅडम, बघू." चौथ्यांदा त्याचा ट्रंक कॉल मीच जोडून दिला होता याची आठवण करून दिली, तेव्हा ‘बघू’चं ‘बरं’ झालं. तुला नवा सदरा शिवला. तू म्हणालास, "कशाला गो बाय? लोक हसतील." मी म्हटलं, "हसू दे. पण एकदा ऐकू दे." नावाचं मी काही बोलले नाही. स्टेजवर नवरी नसते. ज्याने रचलं त्याने त्या जागी कुणाचं नाव घ्यायचं, हे का सांगावं लागतं?

मी तिसऱ्या रांगेत बसले आहे. निवेदक माइक हातात घेऊन सांगतो, "आता हे आजोबा, आपल्या लाडक्या गायकाचं सुपरहिट गाणं त्यांच्या शैलीत सादर करणार आहेत!" त्यांच्या शैलीत! गायक येऊन तुझ्या पाया पडतो, वर माइकवर सांगतो, "आजोबांनी माज्या बहिनीच्या हलदीला हा गाना म्हटला होता, तिच्याच नावानं. आमच्या घरचा गाना हाय." आणि तू, बाबा, मान डोलावतोस. टाळ्या पडतात. मी हाताची घडी घालते.

तू सुरू केलंस. तुझी लय संथ, चुलीपाशी होती तीच. ढोलवाल्याने दोनदा ठेका धरून पाहिला आणि सोडून दिला. तू ‘मिठाच्या राशीवर’ म्हटलंस आणि मागून पोरं ओरडली, "सोन्याच्या, आजोबा, सोन्याच्या! चुकला!" तू थांबलास. माइककडे संशयाने बघत म्हणालास, "सोन्याची रास मी कदी पायली नाय. मिठाची पायलीय." मैदान हसलं. तू पुन्हा पहिल्यापासून म्हटलंस, मिठाच्याच राशीवर, आणि कुणी ओरडलं नाही. त्या क्षणी मला इतका अभिमान वाटला की माझी हाताची घडी सुटली. आता नाव येणार होतं. तू तिसऱ्या रांगेकडे पाहिलंस. सरळ माझ्याकडे. श्वास घेतलास. आणि त्याच्या बहिणीचं नाव घेतलंस.

ते नाव सगळ्या मैदानाला पाठ होतं. सगळे तुझ्याबरोबर गायला लागले. मिठासाठी तू हजार माणसांपुढे अडून बसलास, बाबा, आणि माझ्यासाठी नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगताना ते क्षुल्लक वाटतं. एका गाण्यातलं एक नाव. पण माझं नाव लग्नपत्रिकेवर छापलं गेलं नाही, कुणा मुलाच्या दाखल्यावर आईचं म्हणून लागलं नाही, एक्स्चेंजमध्येसुद्धा लोक मला ‘ऑपरेटर’ म्हणायचे. ते नाव दुसऱ्या कुणी घ्यावं अशी एकच जागा जगात होती आणि ती तू केली होतीस.

परतताना रिक्षात मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?" तू शाल सारखी करत बाहेर बघत राहिलास. बाजार मागे पडला तेव्हा म्हणालास, "नाय बसत गो चालीत." एवढंच. मी त्यानंतर तुला कधी गा म्हटलं नाही. तू ओट्याशी गुणगुणायला लागलास की मी रेडिओ लावायचे. दीड वर्षाने तू गेलास. तुझ्या दिवसांना तो गायक आला होता, रडलासुद्धा. मी त्याला चहा दिला, साखर न घालता.

आता त्या वहीबद्दल. आपट्याचा निरोप आला त्या संध्याकाळी मी ते पान काढलं आणि माझं नाव पेनने इतकं खोडलं की कागद फाटला. अजून तसाच आहे, नावाच्या जागी भोक. पुरावा म्हणून ते कुणाला पाठवणार होते मी? आणि तेवढ्यावर मी थांबले नव्हते. फडताळातून मिठाचं मडकं काढलं, तुझ्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "मूठ भरून घे आणि बोल. ह्या गाण्यात माझं नाव पुन्हा येणार नाही. कुणाच्या मांडवात नाही, कुणापुढे नाही." आई म्हणाली, "असा नको गो बोलू." मीठ हातात घेऊन दिलेला शब्द आपल्या गावात कुणी मोडत नाही. बांधांची भांडणं त्यावर मिटलेली मी पाहिली आहेत. तू फुटलेल्या हातात मीठ घेतलंस. झोंबलं असणार. "बरा," म्हणालास. "नाय येनार."

तो शब्द मी कधी परत घेतला नाही. तू स्टेजवरून माझ्याकडे पाहिलंस ते विचारायलाच पाहिलंस, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी ताठ बसून राहिले, तू न विचारता द्यावंस म्हणून. तरीही मी म्हणेन की सतरा वर्षांत मुलीचं मन फिरलं असेल, एवढं बापाला कळायला हवं होतं. माझा राग गेलेला नाही, कमी झाला असेल तर कबूल करणार नाही.

पण रिक्षात तू खोटं बोललास, ते तेवढं आज पकडलं. दुपारी दार लावून घेतलं, ओट्यापाशी उभी राहिले, आणि ते गाणं म्हणून पाहिलं, मिठाच्या राशीपासून, तुझ्या लयीत, माझं नाव घालून. आवाज फाटला, पण शेवटपर्यंत गेले. दोनदा म्हटलं, खात्री करायला.

बसतं, बाबा. चालीत नीट बसतं.